लीड्सच्या परसातले केळीचे बन

इंग्लंडमधल्या आमच्या लीड्सच्या घरामागे नऊ मीटर लांब आणि सात मीटर रुंद एवढेच परस आहे. घर घेतले तेव्हा तिथे आखूड कापलेले गवत, तिन्ही बाजूंना करड्या पडलेल्या फळ्यांचे कुंपण, कोपऱ्यात एक मोडकी शेड आणि कचऱ्याचे तीन डबे यांखेरीज काही नव्हते, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिवसाकाठी दहा वेळा हेच पाहावे लागे. माझे बालपण सावंतवाडीजवळच्या एका वाडीत गेले. न्हाणीचे पाणी जिथे जाई तिथे केळ, अळू आणि कर्दळ आपसूक माजत असत आणि त्या गचपणाला बाग म्हणावे असे कुणाच्या मनातही येत नसे. 2021 च्या वसंतात मी तेच गचपण इथे उभे करायचे ठरवले, तेव्हा घरच्यांसह सर्वांनी एकच शंका काढली, की इतक्या थंडीत जंगल कसे होणार.

शंका चुकीची होती, पण ती चुकीची का होती हे मला तीन हिवाळे काढल्यावर कळले. घनदाट, मोठ्या पानांचे जंगल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर उष्ण प्रदेशच येतो. प्रत्यक्षात इंग्लंडमधल्या अशा बागांचा कणा असलेली बहुतेक झाडे थंड, दमट डोंगरांतून आलेली आहेत. इथे जिला जपानी केळ म्हणतात ती मुसा बास्जू मूळची दक्षिण चीनची. पंख्यासारख्या पानांचा चुसान ताड चीनचाच, टेट्रापॅनॅक्स हे मोठ्या पानांचे झुडूप तैवानच्या डोंगरांतले, वृक्षनेचा टॅस्मानिया आणि आग्नेय ऑस्ट्रेलियातला, आणि सोनटक्क्याचे काटक भाऊबंद हिमालयाच्या उतारांवरचे. या झाडांना गारवा नवा नाही. त्यांना लागतो तो ओलावा, वाऱ्यापासून आडोसा आणि पोटभर खत. पाऊस लीड्समध्ये वर्षभर रिमझिमतो खरा, पण वर्षाची सगळी बेरीज सावंतवाडीच्या पावसाच्या चौथाईएवढीसुद्धा भरत नाही, त्यामुळे उन्हाळ्यात पाणी घालावेच लागते. त्याच्या बदल्यात जूनमध्ये दिवस सतरा तासांचा असतो आणि त्या उजेडात ही केळ आठवड्याला एक पान टाकते, हे मी खडूने खुणा करून मोजले आहे.

रोपवाटिकेत पुष्कळ कुंड्यांवर रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने ठरवलेली काटकपणाची श्रेणी लिहिलेली असते. एच 5 म्हणजे उणे 10 ते उणे 15 अंशांपर्यंत टिकणारे झाड, एच 4 म्हणजे उणे 5 ते उणे 10, एच 3 म्हणजे 1 पासून उणे 5 पर्यंत. चुसान ताड एच 5 मध्ये बसतो, म्हणजे त्याला लीड्सची थंडी किरकोळ आहे. या ताडाच्या ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनाय या शास्त्रीय नावातला फॉर्च्युन म्हणजे वनस्पती गोळा करत फिरणारा रॉबर्ट फॉर्च्युन. त्याने 1849 मध्ये हा ताड चीनमधून क्यू इथल्या वनस्पती उद्यानाकडे पाठवला आणि ईस्ट इंडिया कंपनीसाठी चीनमधला चहा हिमालयाच्या पायथ्याशी आणणाराही तोच. सकाळी चहाचा पेला हातात घेऊन त्या ताडाकडे पाहताना मला हे हमखास आठवते.

या प्रकारच्या बागेची हौस इथे नवी नाही. 1858 मध्ये लोकांसाठी खुल्या झालेल्या लंडनच्या बॅटरसी पार्कात जॉन गिब्सनने पुढच्या दशकात केळी, कर्दळी आणि ताड यांची उपोष्ण बाग रचली होती. हाच गिब्सन तरुणपणी एका ड्यूकच्या खर्चाने ऑर्किड गोळा करण्यासाठी खासी टेकड्यांपर्यंत जाऊन आला होता, त्यामुळे त्याने खरे गचपण पाहिलेले होते. त्यानंतरचे गाजलेले उदाहरण ससेक्समधल्या ग्रेट डिक्स्टर या जुन्या घराच्या बागेचे. तिथे ल्युटेन्स या वास्तुरचनाकाराने आखलेली जुनी गुलाबाची बाग घराचे मालक आणि बागलेखक क्रिस्टोफर लॉइड यांनी 1993 मध्ये उखडून काढली आणि त्या जागी केळी, कर्दळी आणि डेलिया लावले. त्यावर बागप्रेमींत बरीच खळबळ माजली. ते स्वाभाविक होते, कारण इंग्लंडमध्ये गुलाब उपटणे म्हणजे आपल्याकडे कुणाच्या अंगणातले तुळशीवृंदावन हलवण्यासारखे आहे.

आता केळीविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण सर्वांत जास्त चुका मी तिच्याच बाबतीत केल्या. पहिला, म्हणजे 2021-22 चा हिवाळा सौम्य गेला. मी काहीही केले नाही तरी केळ टिकली आणि मला उगीचच धीर आला. 2022 च्या डिसेंबरमध्ये मात्र आठवडाभराहून जास्त कडाका पडला. हिमदवाने केळीची पाने एका रात्रीत काळी पडतात आणि सकाळी ओल्या फडक्यासारखी खाली लोंबतात, ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. घाबरून मी फुगीर बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकने सबंध बुंधा खालपासून वरपर्यंत गुंडाळला, चिकटपट्टी लावली आणि वरचे तोंडही बंद करून टाकले. मार्चमध्ये चिकटपट्टी कापली तेव्हा आंबलेल्या कांजीसारखा वास आला. बुंध्यावर अंगठा टेकवताच तो बोटभर आत गेला, आणि एकेक सोपट उलगडत गेल्यावर आत तपकिरी लगदा होता. थंडीपेक्षा जास्त घात माझ्या प्लॅस्टिकने केला होता, कारण केळीचा बुंधा म्हणजे खरे खोड नव्हे, तो पानांच्या देठांचा एकावर एक गुंडाळलेला, पाण्याने भरलेला जुडगा असतो, आणि तो कोंडला की आतूनच कुजतो. मी तो जमिनीसरशी कापून टाकला आणि जागा मोकळी झाली म्हणून तिथे काय लावावे याचा विचार करू लागले. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच जागी मातीतून तीन मुनवे वर आले.

तेव्हापासून मी कोरडेपणा सांभाळते आणि उबेची फारशी फिकीर करत नाही. पहिल्या हिमदवाने पाने काळवंडली की ती कापायची, बुंधा माझ्या छातीइतका ठेवायचा, त्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती जाळी वीतभर अंतर सोडून उभी करायची, आत कोरडा पेंढा सैलसर भरायचा आणि माथ्यावर पाणी अडवण्यापुरते झाकण ठेवायचे. बाजू उघड्याच राहतात, त्यामुळे आत हवा खेळते. त्यानंतरच्या हिवाळ्यांत बुंधा वरून फूटभर गेला, खाली शाबूत राहिला, आणि मेमध्ये त्याच बुंध्याच्या मधोमध हिरवा पोंगा वर आला. बुंधा जगला तर केळ त्या वर्षी कुंपणाच्या वर जाते आणि मेला तर कमरेपासून सुरुवात करते, एवढ्यासाठी हा सारा खटाटोप.

या केळीला फळ धरले तरी ते बियांनी भरलेले असते आणि खाण्याजोगे नसते. ही गोष्ट ऐकून माझ्या गावाकडच्या माणसांचा तिच्यातला रस तत्काळ संपतो. जपानी कवी बाशो याच्या झोपडीपाशी शिष्याने हीच केळ लावली होती आणि तिच्यावरूनच त्याने आपले नाव घेतले. आमच्या टेकाडावरच्या वाऱ्याने जुलैपर्यंत पानांच्या चिंध्या झाल्या की शेजारी हळहळतात. पान शिरेशिरेने फाटले की वारा त्यातून आरपार जातो आणि झाड उन्मळत नाही, हे मी त्यांना अजून पटवू शकलेले नाही.

हिवाळ्यात झोपणे ही कल्पना मला एन्सेट या केळीच्या चुलत वंशाने नीट शिकवली. इथोपियातली लाल पानांची एन्सेट इथल्या जंगल-बागांची शान समजली जाते, पण तिला हिमदव अजिबात चालत नाही. म्हणून ऑक्टोबरमध्ये ती मुळांसकट उपटायची, मधली एकदोन पाने सोडून बाकीची कापायची, सोपटांत साठलेले पाणी निथळावे म्हणून दोन-तीन दिवस उलटी टेकवून ठेवायची, आणि मग वसंतापर्यंत पाण्याचा थेंबही न घालता गॅरेजमध्ये उभी करून ठेवायची. जिवंत केळ पाच महिने कोरडी ठेवणे हा प्रकार प्रथम मला अघोरी वाटला होता. मग आंबोली घाटातली कवदर आठवली. कवदर म्हणजे आपली रानकेळ, आणि ती याच एन्सेट वंशातली आहे. पावसाळ्यात ती कड्यांच्या कपारीत भलीमोठी पाने पसरून उभी असते आणि पाऊस सरला, ऊन तापले की पाने गाळून नुसत्या फुगीर गड्ड्यावर पुढच्या मृगाची वाट पाहते. सह्याद्रीतली केळ उन्हाळ्यात झोपते आणि माझ्या गॅरेजमधली हिवाळ्यात. दोघींनाही झोपेत पाणी नको असते. सह्याद्रीचे डोंगर मेमध्ये उघडेबोडके दिसतात म्हणून तिथले जंगल मेले असे आपण म्हणत नाही, मग लीड्सचे परस जानेवारीत रिकामे दिसले म्हणून मी का खंतावावे, असा विचार त्या दिवशी माझ्या मनात पक्का झाला आणि त्याप्रमाणेच मी बागेची आखणी बदलली.

ती आखणी अशी. परसाच्या कडेला बाराही महिने हिरवी राहणारी झाडे आली, म्हणजे चुसान ताड, हाताच्या पंजासारख्या चकचकीत पानांची फॅट्सिया, आणि गठ्ठ्याने वाढणारा फार्जेसिया बांबू. बांबू निवडताना मी फार सावध राहिले, कारण आडवा धावणारा फायलोस्टॅकिस जातीचा बांबू कुंपणाखालून शेजाऱ्याच्या अंगणात निघतो आणि मग कळक उपटण्याआधी शेजारधर्म उखडतो. या हिरव्या भिंतीच्या आत, मेपासून ऑक्टोबरपर्यंतच वावरणारी मंडळी, म्हणजे केळी, कर्दळी, अळू आणि सोनटक्क्याचे प्रकार. लहान जागेत लहान पानांची झाडे लावावीत असे पुष्कळजण सांगतात, पण माझा अनुभव नेमका उलट आहे. लहान पानांनी लहान परस आणखी लहान आणि नीटनेटके दिसते. हातभर रुंदीचे पान डोळ्यांसमोर आले की त्यामागे काय आहे ते दिसेनासे होते आणि नऊ मीटरची लांबी किती हे कुणाला सांगता येत नाही. पायवाट मी मुद्दाम वाकडी नेली आणि तिच्या वळणावर टेट्रापॅनॅक्स लावले. त्याची पाने छत्रीएवढी होतात, मात्र त्यांवरची बारीक लव घशात गेली की खोकला आवरत नाही, म्हणून ती छाटताना नाकातोंडाला फडके बांधावे लागते.

वृक्षनेचा ही या बागेतली एकमेव उधळपट्टी. त्याची किंमत खोडाच्या उंचीवर ठरते. टॅस्मानियातून परवान्याने तोडून आणलेल्या खोडाला तिथला क्रमांकाचा बिल्ला असतो आणि ते दुकानात नुसत्या ओंडक्यासारखे, मुळांशिवाय पडलेले दिसते. माझा ओंडका साठ सेंटीमीटरांचा होता. हे झाड वर्षाला जेमतेम दोन-अडीच सेंटीमीटर वाढते, म्हणजे मी ते घेतले तेव्हा त्याचे वय निदान पंचवीस वर्षे असणार. त्याचे खोड म्हणजे मुळांचाच तंतुमय गठ्ठा असल्याने पाणी बुंध्याशी न घालता खोडावरून वरून खाली ओतायचे असते. हे समजण्यापूर्वी मी त्याला आळे करून निष्ठेने पाणी घालत होते आणि ते बिचारे वर सुकत होते. हिवाळ्यात त्याच्या माथ्यावरच्या खोबणीत, जिथे पुढच्या वर्षीची पाने मुठी आवळून बसलेली असतात, तिथे पेंढा भरला की काम झाले. एप्रिलच्या शेवटी पेंढा काढताना त्या तपकिरी केसाळ मुठी बोटांना लागतात. त्या घट्ट असल्या म्हणजे झाड सुखरूप आहे.

सोनटक्क्याने मला निराश केले. आपला पांढरा सुवासिक सोनटक्का मी हौसेने कुंडीत लावला. पाने भरघोस आली, पण कळी धरायला इथला उन्हाळा अपुरा पडतो. एकदाच, कुंडी आत आणून स्वयंपाकघरात ठेवली तेव्हा, नोव्हेंबरात दोन फुले उमलली आणि दोन दिवस घराला गणपतीतल्या घराचा वास आला. जमिनीत मी आता त्याचाच 'आसाम ऑरेंज' हा भाऊबंद लावला आहे. वनस्पती गोळा करणाऱ्या फ्रँक किंग्डन-वॉर्ड याने 1938 मध्ये तो ईशान्य भारतातून आणला होता. नारिंगी तुऱ्यांचे हे झाड लीड्सच्या थंडीला भीक घालत नाही, पण वासाच्या बाबतीत सोनटक्क्याच्या जवळपासही येत नाही.

अळवाची कथा वेगळी. नर्सरीतून आणलेले काळ्या पानांचे अळू शोभेचे आहे. हिरवे अळू मात्र मी भारतीय दुकानातल्या अळकुड्यांपासूनच वाढवले. एप्रिलमध्ये ओलसर मातीच्या खोक्यात अळकुड्या रेडिएटरजवळ ठेवल्या की तीन आठवड्यांत कोंब येतात, आणि मेच्या मध्यानंतर हिमदवाची भीती सरली की त्या बाहेर जातात. 2024 च्या उन्हाळ्यात आई इकडे आली होती. तिने वाफ्यासमोर उभे राहून मला विचारले, "काय गो, अळू काय बघूक लावतत?" संध्याकाळी चिंच-गूळ लावून वड्या झाल्या आणि घसा खाजला नाही, त्यामुळे हिरव्या अळवाचा शोभेचा दर्जा त्या दिवशी संपला. काळे अळू मी तिला तोडू दिले नाही, त्याबद्दल ती अजून फोनवर बोलून दाखवते.

माझ्या शेजाऱ्यांना सर्वांत जास्त आवडणारे झाड कोणते, तर एरंड. इथे तो लाल पानांचा, दरवर्षी बियांपासून लावायचा शोभेचा प्रकार म्हणून विकतात, आणि लोक थांबून त्याचे नाव विचारतात. ओसाड गावी एरंड बळी ही म्हण इंग्रजीत समजावून सांगण्याचा मी एकदा प्रयत्न केला आणि सोडून दिला. बिया विषारी असल्याने मी त्याची बोंडे धरण्यापूर्वीच खुडते. याउलट तेरड्याचा हिमालयातला उंच भाऊ 1839 मध्ये इथे शोभेसाठी आला आणि आता नदीकाठांवर इतका माजला आहे की तो लावणे गुन्हा आहे. राक्षसी पानांच्या गनेराचेही असेच. ती माझ्या यादीत पहिल्या क्रमांकावर होती, पण 2023 च्या डिसेंबरमध्ये असे जाहीर झाले की ब्रिटनमधल्या बागांत मॅनिकाटा या नावाने वाढणारी गनेरा प्रत्यक्षात बंदी असलेल्या टिंक्टोरिया या दुसऱ्या गनेराचा संकर आहे, आणि मग तिचीही नवी लागवड थांबली. दक्षिण स्वित्झर्लंडच्या रानात चुसान ताड पसरल्यामुळे त्या देशाने 2024 पासून त्याची विक्री बंद केली आहे, आणि लीड्सचे हिवाळे असेच सौम्य होत गेले तर आमच्या ताडाच्या तुऱ्यांवरही लक्ष ठेवावे लागेल असे मला वाटते.

थंडीहून मोठा शत्रू म्हणजे बिनशंखाच्या गोगलगायी. केळीचा कोवळा पोंगा गुंडाळलेला असतानाच त्या एक भोक पाडतात आणि पान उलगडल्यावर त्याच भोकांची आरपार रांग दिसते, कागदाची घडी घालून कात्री चालवावी तशी. मेटाल्डिहाइडच्या निळ्या गोळ्यांवर 2022 च्या वसंतापासून बंदी आहे आणि ती योग्यच आहे, कारण त्या गोळ्यांनी साळिंदरासारखे काटे असलेले इथले हेजहॉगही मरत. मी पाण्यातून सूत्रकृमी, म्हणजे गोगलगायींना मारणारे सूक्ष्म जंत, सोडते आणि रात्री दहाला विजेरी घेऊन फेरी मारते. मेमध्ये एकेका रात्री मी साठ-सत्तर वेचते. खताला मात्र अडचण नाही. जवळच्या तबेल्यातून कुजलेली लीद पोत्याने फुकट मिळते आणि केळीला दर वसंतात चार पोती घातली तरी ती आणखी मागतेच.

या बागेचा बहर ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, म्हणजे गणपती येतात तेव्हाच. इंग्लंडमधल्या इतर बागा तेव्हा उतरणीला लागलेल्या असतात. त्या आठवड्यात ओळखीच्या घरांतून फोन सुरू होतात. कुणाला गौरींसाठी कर्दळीची पाने हवी असतात, कुणाला मखराला केळीचे खांब, कुणाला सत्यनारायणाच्या चौरंगाला चार खुंट. खुंट मी मुनव्यांचे देते आणि मुख्य बुंधा कुणालाही कापू देत नाही. गेल्या सप्टेंबरमध्ये कुंपणापलीकडच्या वृद्ध गृहस्थांनीही एक मुनवा मागितला, तेव्हा मी तो कंदासकट काढून दिला आणि पेंढा, जाळी, झाकण हे सगळे समजावून सांगितले. नोव्हेंबरात माझ्या वरच्या खिडकीतून पाहिले तर त्यांनी तो फुगीर बुडबुड्यांच्या प्लॅस्टिकमध्ये, अगदी तोंडापर्यंत, नीट बांधून ठेवला होता. मी त्याच दुपारी कात्री घेऊन त्यांच्या दाराशी गेले.